ऑनलाइन बीबीए, १ लाख ८० हजार: घ्यावी की सोडावी?

घण_आणि_ऐरण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ३६. दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमा केला आणि तेव्हापासून चाकण एमआयडीसीत आहे. आधी कंत्राटी, मग आत्ताच्या कंपनीत कायम. सीएनसी मशीनवर सुरुवात केली, आज एका लाइनचा सुपरवायझर आहे, हाताखाली १८ माणसं. गेल्या अप्रेझलला साहेब म्हणाले, "काम चोख आहे तुझं, पण असिस्टंट मॅनेजरला ग्रॅज्युएट लागतो. तेवढं करून टाक." माझ्यामागून चार वर्षांनी आलेला, मीच मशीन शिकवलेला पोरगा आता माझा साहेब व्हायच्या बेतात आहे. पोरगा गुणी आहे, पण लागायचं ते लागतंच.

एका रात्री मोबाईलवर 'ऑनलाइन डिग्री' शोधलं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका खाजगी विद्यापीठाची ऑनलाइन बीबीए, तीन वर्षं, फी १ लाख ८० हजार. एकरकमी भरली तर दीड लाख. नाहीतर 'नो कॉस्ट ईएमआय', महिना पाच हजार. काउन्सिलर बाई अतिशय गोड बोलतात. आज शेवटची तारीख आहे असं त्यांनी गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा सांगितलं.

बायको म्हणते, मुलगी सहावीत आहे, हे पैसे तिच्यासाठी राहू देत. आई म्हणते, तुझं राहून गेलंय ते कर. नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बीए-बीकॉम काही हजारांत होतं असंही कळलं, पण काउन्सिलर बाई म्हणाल्या, "सर, मार्केटमध्ये त्याला व्हॅल्यू नाही."

ऑनलाइन पदवी चालते का? आणि एवढे पैसे घालण्याइतकी चालते का?

बिनसाखरेचा_चहा

पाच वेळा शेवटची तारीख! आमच्या गल्लीतल्या साड्यांच्या सेलची आठवण झाली. 'दुकान बंद करणे आहे' ही पाटी सात वर्षं आहे तिथे.

बाकी धागा महत्त्वाचा. वाचतोय.

उगाच_कशाला

डिग्री हा कागद आहे. दीड लाखात चांगलं काही शिका. स्वयम्, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइट्सवर आयआयटीचे प्रोफेसर फुकट शिकवतात, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर हजार रुपये. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने शीट मेटल, मेट्रोलॉजी, रोबोटिक्स असं काहीतरी करावं. बीबीए करून कंपनीला काय मिळणार? ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या व्याख्या?

मिरजमावशी

@उगाच_कशाला, कागदच आहे हो, पण त्या कागदावाचून फाइल पुढे सरकत नाही ना. सातबाराही कागदच असतो.

माझा अनुभव सांगते, तुमच्या उपयोगाचा असेलच असं नाही. मी ५१व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून एमए मराठी केलं. मुलं मार्गी लागली होती, सासूबाई गेल्यावर दुपारी घर खायला उठायचं. पुस्तकं घरी आली, ब्राऊन पेपरची कव्हरं घातली, शाळेतल्यासारखं नाव घातलं. जावेने विचारलं, "आता काय मामलेदार होणार का?" परीक्षेला गेले तर पर्यवेक्षक माझ्या धाकट्यापेक्षा लहान. मला पालक समजून बाहेर थांबा म्हणाला.

पैशाने विचाराल तर फायदा शून्य. पण ज्ञानेश्वरी परीक्षेसाठी का होईना, नीट बसून वाचली. दीड लाख मागितले असते तर मात्र मी हात जोडून घरी भिशीच चालवली असती.

फाइलवाली

मी एचआरमध्ये आहे (तुमच्या कंपनीत नाही, दिवे घ्या). मुद्द्याचं सांगते, थोडं लांबेल.

चालते का? कायद्याने चालते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२० चे नियम आहेत, मुक्त-दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांचे. त्यातला नियम २२ सांगतो की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केलं. आणि ही समकक्षता नाशिकच्या विद्यापीठालाही तेवढीच लागू आहे. 'व्हॅल्यू नाही' हे काउन्सिलर बाईंचं मत, नियम तसं म्हणत नाही.

पण 'मान्यताप्राप्त' या शब्दात सगळी मेख आहे. विद्यापीठ खरं असणं पुरत नाही. तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने, त्याच सत्रासाठी मंजूर असावा लागतो. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डेबच्या, साइटवर ही यादी असते. शिवाय २०२४ च्या सप्टेंबर सत्रापासून विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढा. "सर, ओटीपी सांगा, आम्ही करून देतो" म्हणाले तर सांगू नका.

आता टेबलाच्या या बाजूने. समकक्ष आहे याचा अर्थ प्रत्येक खाजगी कंपनी घेईलच असा होत नाही. काही जाहिरातींत सरळ 'फुल टाइम रेग्युलर' लिहिलेलं असतं, सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या इंजिनिअर भरतीत तर सर्रास. काही ठिकाणी मात्र सॉफ्टवेअर फक्त एवढंच बघतं की पदवीचा रकाना भरलाय की रिकामा आहे. तिथे इग्नू (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) काय, मुंबई विद्यापीठ काय आणि तुमचं १ लाख ८० हजारांचं काय, सगळ्यांची किंमत एकच.

म्हणून पहिलं काम: तुमच्या एचआरकडून ईमेलवर उत्तर घ्या. कुठली पदवी, कुठल्या पद्धतीची, कुठल्या पदासाठी. तोंडी नको. साहेब बदलतात.

कृष्णाकाठ

फाइलवाली ताईंना अनुमोदन. मी ईएमआयबद्दल लिहितो, कारण आमच्या घरात पोळलंय.

धाकट्या भावाने अशीच एक ऑनलाइन एमबीए घेतली. फॉर्म भरताना 'फी हप्त्याने' एवढंच कळलं होतं. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं, सही त्याचीच, ओटीपी त्यानेच दिलेला. कर्जाचे पैसे गेले शिकवणाऱ्या मंडळींकडे, हप्ते याच्या गळ्यात. तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली, क्लास सोडला. सोडायचा म्हणून मेल केला तर उत्तर आलं की कर्जाचा आणि आमचा संबंध नाही. फायनान्सवाले म्हणाले, शिक्षणाचा आणि आमचा संबंध नाही. दोघांचा संबंध फक्त भावाशी! पुढे बाबांनी ट्रॅक्टरसाठी बँकेत विचारलं, भाऊ सहकर्जदार होणार होता, तर त्याचा सिबिल बघून मॅनेजरने चहासुद्धा अर्धाच पाजला.

तेव्हा कळलं असतं तर बरं, म्हणून सांगतो. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एक 'कूलिंग ऑफ' मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण ती मुदत फार थोडी असू शकते. करारात पहिल्यांदा तीच ओळ शोधा.

कोरडा_हिशोब

धागाकर्ते, तुमच्या आकड्यांवर थोडं गणित.

एकरकमी दीड लाख, हप्त्याने १ लाख ८०. म्हणजे वस्तूची खरी किंमत दीड लाख आहे आणि वरचे ३० हजार हे व्याज आहे, नाव काहीही द्या. दीड लाखावर महिना पाच हजार, ३६ महिने, म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के पडतात. 'नो कॉस्ट' हे फक्त फोनवर.

दुसरं, बढती मिळाली तर पगारात किती फरक पडेल? समजा हातात सहा हजार जास्त. मग दीड लाख वसूल व्हायला २५ महिने, तेही पदवी संपून बढती मिळाल्यावर. तीन वर्षं शिकणं धरलं तर आजपासून पाच वर्षांनी तुम्ही शून्यावर येता. मुलगी तेव्हा अकरावीत.

तिसरं कुणी मोजत नाही. आठवड्याला दहा तास म्हटले तरी तीन वर्षांचे दीड हजार तास. तुमच्या ओव्हरटाइमच्या दराने गुणा आणि बायकोला दाखवू नका.

बिनसाखरेचा_चहा

> चहासुद्धा अर्धाच पाजला

मेलो. :D

@कोरडा_हिशोब, तुमच्या लग्नातही आहेराचा परतावा काढला होतात का?

कोरडा_हिशोब

@बिनसाखरेचा_चहा, काढला होता. स्टीलचे डबे मोजले तर तोटा नाही.

निवृत्त_हेडमास्तर

उशिरा आलो, पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. इग्नू त्याच्या चार वर्षं आधीचं. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षणाची सोय तर १९७१ पासून आहे. तेव्हा घरबसल्या पदवी ही कालपरवाची टूम नव्हे, फक्त टपालाच्या जागी मोबाईल आला आणि फीला दोन शून्यं लागली.

आमच्या शाळेत एक शिपाई होता. बारावी शिकलेला, घंटा वाजवायचा. मी त्याला मुक्त विद्यापीठात बीएला बसवला. दोन घंटांच्या मधली ३५ मिनिटं तो जिन्याखाली पुस्तक घेऊन बसे. एकदा वाचनात एवढा बुडाला की पाचवीच्या तासाची घंटा बारा मिनिटं उशिरा झाली. गणिताच्या बाईंनी लेखी तक्रार केली, पोरांनी मात्र केली नाही. रविवारी अध्ययनकेंद्रावर जायचा, सायकलवर, १४ किलोमीटर. पदवी झाली, पुढे संस्थेने त्याला लिपिक केलं. निवृत्तीच्या वेळी त्याचं निवृत्तिवेतन शिपायाच्या पगारावर नव्हे तर लिपिकाच्या पगारावर बसलं. सगळा मिळून खर्च त्या काळात काही हजार.

'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. तुमच्या त्या बाईंना म्हणावं, मार्केटमध्ये नसेल, पण आमच्या शाळेत त्याला व्हॅल्यू होती.

मिरजमावशी

सर, डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या बारा मिनिटांचं हसूही.

उगाच_कशाला

सर, आदर आहे. पण ती सरकारी अनुदानित शाळा, तिथे नियमाने पदवी म्हणजे बढतीची पात्रता. खाजगी कंपनीत 'बघू' म्हणतात. दोन्हीची तुलना करू नये.

निवृत्त_हेडमास्तर

तुलना मी केलीच नाही. किमतीचं सांगितलं.

अण्णा_अटलांटा

मूळचा इचलकरंजीचा, आता इकडे. मी जॉर्जिया टेकचं ऑनलाइन एमएस केलं, कॉम्प्युटर सायन्समधलं. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी ते सुरू केलं. दहा कोर्स, सगळा खर्च सात हजार डॉलरच्या आसपास. आणि प्रमाणपत्रावर 'ऑनलाइन' हा शब्दच नाही, कॅम्पसवाल्यांच्या हातात जे पडतं तेच.

दोन गोष्टी सांगतो. एक, तिथे प्रवेश सोपा आणि बाहेर पडणं अवघड. पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषय ठरावीक ग्रेडने पास व्हावे लागतात. माझ्याबरोबर सुरू केलेले तीन मित्र होते, संपवलं मी एकट्याने. आठवड्याचे वीस तास जायचे. थोरल्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी पाहुण्यांना नमस्कार करून आत जाऊन असाइनमेंट सबमिट केली. फोटोत मी नाही. बायको अजून काढते तो विषय.

दोन, माझी फी कंपनीने भरली. धागाकर्ते, तुमच्या कंपनीत अशी काही सोय आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी असते, कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), भारतात बसून असं ऑनलाइन एमएस करून अमेरिकेत येता येईल का असं भाचे मंडळी विचारतात. त्यावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि नंतरची कामाची परवानगीही नाही. नोकरी करता करता शिकायचं असेल तरच त्या वाटेने जा.

मडगांवकार

ऑनलाइन असून लाइन नाही, असा माझा किस्सा.

मी तारवटी. आमच्या गोव्यात बोटीवर काम करणाऱ्याला तारवटीच म्हणतात. सहा-सात महिने समुद्रावर, मग घरी. इग्नूत बीएला नाव घातलं. त्यांच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात. जूनमध्ये मी भूमध्य समुद्रात, डिसेंबरात क्रूझचा सीझन, सुट्टी मागितली तर कॅप्टन हसतो. तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत संपवता येते, मी बरोबर सहाव्या वर्षी शेवटचा पेपर दिला. त्या पेपराला मुंबईत उतरून थेट रात्रीच्या बसने आलो, युनिफॉर्मची पँट तशीच.

सांगायचं ते हे: शिफ्टचं काम असेल तर परीक्षा कधी आणि कुठे ते आधी बघ. शिकणं घरी होतं, पण परीक्षेला तुझा साहेब रजा देणार का?

बिनसाखरेचा_चहा

परीक्षेवरून आठवलं. आमच्या मेव्हण्याची ऑनलाइन परीक्षा घरी होती, कॅमेरा लावून. नियम असा की खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. सगळ्यांना बजावलं होतं. पण आजीला ऐकू कमी येतं. बरोबर पाऊण तासाने आजी चहा घेऊन हजर. स्क्रीनवर लाल पट्टी: दुसरी व्यक्ती आढळली. हा हाताने खुणा करतोय, तर आजीला वाटलं साखर कमी आहे म्हणतोय. ती परत आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली. दुसरी लाल पट्टी.

पास झाला. पण आता आजी विचारते, मला पण मार्क मिळाले का.

दोन_पोरांचा_बाप

हसून झालं असेल तर वेगळा अनुभव. माझा थोरला आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बीएस करतोय, डेटा सायन्सचं. २०२० साली सुरू झालं हे. जेईई लागत नाही, पण त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते, चार आठवडे अभ्यास करून मग परीक्षा. आणि परीक्षा घरी नाही. क्विझ असो की सत्राची शेवटची, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आम्ही नांदेडहून दर वेळी त्याला घेऊन जातो, रविवार त्यातच जातो.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये थांबता येतं. पायाभूत टप्पा झाला की त्याचं प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, मग बीएससी, मग बीएस. जेवढे विषय घ्याल तेवढीच फी. उत्पन्न कमी असेल तर सवलत ७५ टक्क्यांपर्यंत जाते. आमचं उत्पन्न दाखवून आम्हाला बरीच मिळाली.

पण घरात एक माणूस पोलीस लागतो. त्याच्याबरोबर गावातली अजून दोन मुलं होती, दोघांनी सोडलं. व्हिडिओ दीडपट वेगाने बघून 'झालं' म्हणणारी पिढी आहे. पायथॉन दीडपट वेगाने येत नाही.

उगाच_कशाला

हे बघा, हे मला पटलं. इथे पदवीमागे शिकणं आहे. माझा विरोध फक्त नावापुरत्या बीबीए-एमबीएला.

फाइलवाली

@दोन_पोरांचा_बाप, उत्तम. आपल्याकडे विद्यापीठाचं नाव बघून फीची तुलना करतात, परीक्षा कशी होते ते विचारत नाहीत. मी उमेदवाराला तेच पहिलं विचारते. "परीक्षा सोपी होती, घरीच होती" असं जो हसत सांगतो, त्याची पदवी मी मनात खोडते. अन्याय असेल, पण खरं ते सांगते.

आणखी एक सावधगिरी. ॲपवाल्या कंपन्या परदेशी विद्यापीठांशी जोडून एमबीए, डॉक्टरेट वगैरे देतात. यूजीसीने त्यांच्या मान्यतेशिवायच्या असल्या पदव्या चालणार नाहीत असं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय. आमच्याकडे एका उमेदवाराने नावापुढे 'डॉ.' लावून सीव्ही पाठवला होता. चौकशीत तो डॉक्टर तर नव्हताच, कंपाउंडरही नव्हता.

कृष्णाकाठ

एक शंका. धागाकर्ता डिप्लोमा मेकॅनिकल आहे. मग बीबीए कशाला, थेट ऑनलाइन बीई का नाही?

फाइलवाली

कारण ती नसते. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, वकिली या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषयही बंद केले. कुणी 'ऑनलाइन बी.टेक.' देतो म्हणाला तर फोन ठेवा.

हे किती महागात पडतं त्याचं उदाहरण आहे. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ च्या प्रवेशांत दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगित केल्या, परत परीक्षा देऊन पास व्हा म्हणाले. तोवर त्या लोकांची नोकरीत दहा-बारा वर्षं झालेली. काहींना त्याच पदवीवर बढती मिळालेली, ती गेली.

एम३_पीडित

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मीही डिप्लोमावाला, पिंपरीत असतो, त्यामुळे राहवलं नाही.

धागाकर्ते दादा, एक वाट कुणी सांगितली नाही. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी बीईची सोय केली आहे. ठरावीक कॉलेजांत, कामाच्या वेळेनंतर वर्ग. डिप्लोमा असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला. एक वर्षाचा अनुभव लागतो आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात हवं. पदवी नियमित बीईच. पुण्याच्या आसपास कुठे कुठे आहे ते तंत्रशिक्षण संचालनालयाच्या साइटवर प्रवेशाच्या वेळी कळतं.

मी दुसऱ्या वर्षाला आहे. खोटं नाही बोलणार, हाल आहेत. संध्याकाळी साडेसहाला वर्गात डोळे मिटतात, सरांचेही. फी बीबीएपेक्षा कमी नाही. आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेलं की गणित-३ छातीवर येऊन बसतं. एम-१, एम-२ केलेलं नसतं आपण, आणि समोर लाप्लास. माझा अजून सुटलेला नाही, नावावरून कळलंच असेल.

निवृत्त_हेडमास्तर

लाप्लासने पिढ्यान्‌पिढ्या छळलं आहे, तुम्ही एकटे नाही. रोज दोनच गणितं सोडवा, पण उत्तर न बघता.

घण_आणि_ऐरण

मंडळी, आठ दिवस गायब होतो, नाइट शिफ्ट होती. सगळं वाचलं, पाटीलसाहेबांच्या टपरीवर बसून. काही ठिकाणी मोठ्याने हसलो तर लोक बघायला लागले.

फाइलवाली ताईंचं ऐकून एचआरला मेल केला. उत्तर यायला चार दिवस लागले आणि त्यात जे निघालं ते मला चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असिस्टंट मॅनेजरच्या दोन वाटा आहेत. प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सला 'बीई किंवा बी.टेक.'च लागतं, बाकी पदवी चालत नाही. स्टोअर्स, प्लॅनिंग आणि डिस्पॅचला 'कोणतीही मान्यताप्राप्त पदवी', दूरस्थ असली तरी चालते. म्हणजे १ लाख ८० हजारांची बीबीए करून मी जिथे आहे तिथे एक पायरीही वर गेलो नसतो. साहेबांनाही हे माहीत नव्हतं. 'ग्रॅज्युएट लागतो' एवढंच त्यांच्या कानावर होतं.

आणि स्टोअर्ससाठी करायचं असेल तर नाशिकची बीकॉमही तेवढीच चालते. हे मेलमध्ये स्पष्ट लिहून घेतलं. अण्णा, फीचंही विचारलं. अर्धी परत मिळते, पण आधी मंजुरी घेतली तर आणि पास झालो तर.

आता पेच असा की मला स्टोअर्समध्ये जायचं नाही. मशीनचा आवाज बदलला तर मला जेवताना कळतं. ते सोडून रॅकवरचे खोके मोजत बसायचं, पगार जास्त असला तरी, जीव होत नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग खोके मोजू नका." एवढंच. हिशोबाचे दीड हजार तास मी तिला दाखवले नव्हते, तिनेच मोजून ठेवले होते.

@एम३_पीडित, तुझ्याशी बोलायचंय. कॉलेजला जायचं तर कायम जनरल शिफ्ट लागेल, ते साहेबांच्या हातात आहे. सोमवारी विचारणार आहे.

कोरडा_हिशोब

जनरल शिफ्ट घेतली तर नाइट अलाउन्स जाईल. तो धरलात का?

घण_आणि_ऐरण

धरला. महिना २,२०० जातात. झोप मिळते.

मडगांवकार

झोपेचा दर लाव रे कोणीतरी. हिशोबवाले काका?

कोरडा_हिशोब

त्याला बाजारभाव नाही.

मिरजमावशी

घणदादा, बायको गुणाची आहे हो तुमची. आणि मशीनचा आवाज कळतो म्हणालात ते एचआरच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहायचं?

फाइलवाली

मावशी, तो रकाना नाही. मी सतरा वर्षं शोधतेय.

दादा, सोमवारी बोलाल तेव्हा शिफ्ट आणि फीची मंजुरी दोन्ही एकाच मेलमध्ये मागा, प्रवेश घ्यायच्या आधी. पावती आधीची आणि मंजुरी नंतरची असली की अकाउंट्सवाले परत पाठवतात.

बिनसाखरेचा_चहा

आणि काउन्सिलर बाई?

घण_आणि_ऐरण

काल फोन आला होता. म्हटलं, मॅडम, बीबीए माझ्या कामाची नाही. त्या म्हणाल्या, "सर, मग एमबीए बघा ना, आज शेवटची तारीख आहे." म्हटलं, मॅडम, एमबीएला आधी पदवी लागते, तीच तर नाहीये. दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, त्यांची स्वतःची बीकॉम नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची आहे.

बिनसाखरेचा_चहा

खल्लास! धाग्याला कुलूप लावा आता.

एम३_पीडित

कुलूप नको, थांबा. दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर बघा. पहिल्या सत्राच्या माझ्या वह्या आहेत, थर्मो आणि मटेरियलच्या नीट आहेत. एम-३ची वही आहे, पण तिच्यात उत्तरं चुकीची असू शकतात. रविवारी पिंपरीत या, आपण दोघं मिळूनच सोडवू.